फौजदाराची वहिवाट

माणसानं कुंपण घातलं आणि तिथून संस्कृती सुरू झाली, असं जाणती माणसं सांगतात. कुंपणामुळे शेती टिकली, शेतीमुळे गाव बसलं आणि गाव बसल्यावर त्याच्या मागोमाग कायदा आला. लिंबगव्हाणच्या बद्रीनाथनं आपल्या आणि धाकट्या भावाच्या शेतांच्या मधे काटेरी तारेचं कुंपण घातलं, तेव्हा यातलं काहीच झालं नाही. शेती होती, गाव होतं, कायदा तर अंबडच्या कोर्टात दोन वर्षांपासून चालूच होता. कुत्र्याचं पोट तेवढं फाटलं.

कुत्र्याचं नाव फौजदार. ते भारतनं, म्हणजे त्या धाकट्या भावानं, ठेवलं होतं. पिल्लू असताना हा खळ्यावर यायचा, काहीही न करता सगळ्यांकडे संशयानं बघायचा आणि खाऊन निघून जायचा. त्यावरून. पुढे विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्या म्हणून खरा फौजदार चौकशीला आला, नेमकी तेव्हाच बद्रीनाथची बायको दैवशाला चुलीपुढून ओरडली, "फौजदार, भाकरीला तोंड लावलं तर तंगडी मोडीन!" साहेब चहा न घेता गेले.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी सगळं वाटलं. जमीन वाटली, विहिरीच्या पाण्याचे दिवस वाटले, आईचं तांब्याचं घंगाळ एकाकडे आणि त्याची तिवई एकाकडे असंही वाटलं. फौजदार मात्र वाटणीत आला नाही. पंच बसले होते त्या वेळी तो रानात ड्युटीवर होता आणि त्याची आठवण कुणाला झाली नाही. त्यामुळे त्याची हद्द पूर्वीचीच राहिली. इकडे बद्रीनाथची मोसंबी, तिकडे भारतचा ऊस. रानडुकरांनीही वाटणी मानलेली नव्हती. ती दिवसा भारतच्या उसात झोपत आणि अंधार पडला की बद्रीनाथच्या मोसंबीत येऊन झाडांची आळी उकरत. फौजदार त्यांना इकडून तिकडे पिटाळत असे आणि सकाळी दोन्ही घरी भाकर खात असे. जेवणाचीही वाटणी त्यानं अमान्य केली होती.

भांडण रस्त्याचं होतं. भारतचं रान मागच्या अंगाला, डांबरी सडकेपर्यंत यायचं तर बद्रीनाथच्या बांधावरून यावं लागे. वाटणीआधी सगळे तिथूनच जात. वाटणीनंतर बद्रीनाथ म्हणाला, आता गावाकडून वळसा घालून जा. भारत म्हणाला, बापाच्या वेळेपासूनची वहिवाट आहे. एखाद्या जागेवरून माणूस वर्षानुवर्षं जात राहिला की ती वाट त्याची होते, असा कायदा आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही तोंडपाठ असतो. भारत कोर्टात गेला. दोघांचं बोलणं बंद झालं. जावाजावांनीही बोलायचं नाही असं ठरलं. तसं ठरल्याचं जावांना कळवायचं राहून गेलं असावं.

मग अंबडच्या राधेश्याम वकिलांनी बद्रीनाथला सल्ला दिला. "कुंपण घाला. अन् एक ध्यानात ठेवा, फट ठेवू नका. आज फट, उद्या फाटक, परवा रस्ता."

कुंपण झालं. पाचपदरी काटेरी तार, छातीइतकी उंच. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका पहाटे फौजदार डुकराच्या मागं सरळ रेषेत निघाला. डुक्कर तारेखालून गेलं. फौजदार मधून गेला.

गयासोद्दीन ड्रेसर जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेला माणूस. त्यानं ओसरीवर पोतं अंथरून, बॅटरीच्या उजेडात कुत्र्याचं पोट शिवलं. बद्रीनाथनं तोंड धरलं होतं, दैवशालेनं मागचे पाय. शिवून झाल्यावर गयासोद्दीननं हात धुतले आणि चहा बशीत ओतला.

"बद्रीनाथभाऊ, ह्या टायमाला नशिबानं वाचलं. कातडं फाटलं, आत गेलं न्हाई. पुन्हा फाटलं तर मला बुलावू नका."

"काहून?"

"शिवायला काही उरणारच न्हाई, म्हणून. अन् त्याच्या गळ्यातला तो पट्टा काढा. तारेत अटकला तर फासी बसंल."

पट्टा चामड्याचा, पितळी घुंगराचा. भारतनं वाटणीआधी जालन्याच्या बाजारातून आणलेला. बद्रीनाथ हो म्हणाला आणि त्यानं पट्ट्याला हात लावला नाही. का, ते पुढे येईल.

फौजदारला बांधून घातलं. जखम भरून आली, पण बांधलेला फौजदार भाकर खाईना. उसाकडे तोंड करून बसे आणि असा सूर काढी की शेजारच्या वस्तीवरून माणसं विचारायला आली, कोण गेलं म्हणून. दावं कुरतडून तो दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा तडक कुंपणाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या वेळी त्यानं डोकं तारेत घातलं होतं. बद्रीनाथ मोसंबीतून पळत गेला आणि त्यानं त्याला मागच्या पायांना धरून ओढलं. परत येताना त्याला उचलून आणलं. पंचावन्न वर्षांचा माणूस आणि पोतंभर वजनाचं कुत्रं. दैवशालेनं विचारलं, उचलून काहून आणलं, तर म्हणाला, चिखल होता. चिखल नव्हता.

बद्रीनाथला कुत्र्याचं काही नव्हतं. असं तो सगळ्यांना सांगत असे. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगत असे. फक्त त्याला झोप येत नव्हती. कुंपण त्यानं घातलं होतं. कुत्रं मेलं तर ते त्याच्या तारेवर मरणार होतं.

"अहो, खालची तार वीतभर उचला की," दैवशाला म्हणाली. "जाईल खालून."

"तुला कायदा कळतो का?"

"मला कुत्रं कळतं."

बद्रीनाथ दुसऱ्या दिवशी बस धरून अंबडला गेला. राधेश्याम वकिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुत्रा कुणाचा?"

"दोघांचा. वाटणीत राहून गेल्ता."

वकिलांनी डोळे मिटले. "मग तर बिलकुल नाही. सामाईक कुत्रा, सामाईक फट. समोरचा म्हणेल, वादी-प्रतिवादी दोघांच्या संमतीनं ये-जा सुरू आहे. आज कुत्रा, उद्या कुत्र्याच्या मागं शेळी, शेळीच्या मागं बाई."

"अन् वरून गेला तर?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांना नवा प्रश्न विचारला होता.

"वरून गेला तर हरकत घेता यायची नाही," ते शेवटी म्हणाले. "हवेतून वहिवाट मी तरी ऐकलेली नाही."

अशा रीतीनं वीतभर तार उचलण्याऐवजी कुत्र्याला उडी शिकवायचं ठरलं.

यावर माहिती पाहिजे म्हणून दैवशालेनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. तो तिला कुणी पाठवला, हे बद्रीनाथनं विचारलं नाही. पाठवणाऱ्याच्या नावापुढे उसाचं चित्र होतं. व्हिडिओत हिरव्यागार डोंगरावर एक गोरा माणूस होता, काळंपांढरं कुत्रं होतं आणि कुंपण होतं. गोरा काय बोलतो ते कळत नव्हतं, म्हणून बद्रीनाथ नुसतं बघून शिकला. आधी जमिनीवर फळी ठेवायची, मग थोडी वर, मग आणखी वर. कुत्र्याला दोरी लावून ओढायचं नाही, त्यानं मनानं आलं पाहिजे. पलीकडे उतरायची जागा मऊ पाहिजे. आणि उडी मारायच्या जागेवर, वरच्या दांडीवर, हातानं थापटून दाखवायचं. हे शेवटचं बद्रीनाथनं लगेच करून पाहिलं. गोऱ्याचं कुंपण लाकडाचं होतं, हे त्याच्या लक्षात हाताला चिंधी बांधून घेताना आलं.

पहिल्या दिवशी त्यानं कुंपणापासून थोडं अलीकडे आडवी फळी उभी केली. फळीच्या एका बाजूला फौजदारला बसवलं, दुसऱ्या बाजूला स्वतः भाकरीचा तुकडा घेऊन बसला.

"हुप्प!"

फौजदार उठला, फळीला वळसा घालून आला आणि भाकर खाल्ली.

पुन्हा बसवला. पुन्हा हुप्प. फौजदार या खेपेला दुसऱ्या बाजूनं वळसा घालून आला.

कुंपणापलीकडे भारत शेळ्यांना बांधावरचं गवत दाखवत उभा होता. शेळ्या रोज तिथं येत नसत. तो मोठ्यानं हसला, आणि हसून झाल्यावर त्याला आठवलं की आपलं बोलणं बंद आहे. तेव्हा तो कुत्र्याशी बोलला.

"फौजदार, तुह्या मास्तरला म्हणावं, फळीच्या दोन्ही अंगानी पऱ्हाट्या लाव. मोकळी वाट असल्यावर कोण कशाला उडी मारीन? तू काय येडा हाईस का?"

बद्रीनाथनं मान वर केली नाही. "फौजदार," तो म्हणाला, "त्याला म्हणावं, ज्याला त्याला आपल्या शेळ्या सांभाळता आल्या तरी बास झालं."

पण दुसऱ्या दिवशी फळीच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे होते.

आता वळसा घालायला जागा राहिली नाही. फौजदारनं फळी हुंगली, भाऱ्यांकडे पाहिलं, बद्रीनाथकडे पाहिलं. हा माणूस भाकर द्यायला एवढा कालवा का करतो, हे त्याला कळत नसावं. मग त्यानं सुस्कारा टाकला आणि फळीवरून पलीकडे पाय टाकला. उडी नव्हती ती, पायरी होती. तरी बद्रीनाथ ओरडला, "शाब्बास!" आणि पलीकडून भारत ओरडला, "शाब्बास!" मग दोघंही खोकले.

फळी वर चढत गेली. आठवडाभरात फौजदार गुडघाभर उंच उडू लागला आणि तिथं अडचण उभी राहिली. व्हिडिओतल्या गोऱ्याच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना गोऱ्याचंच रान होतं. इथं उडी मारून कुत्रं भारतच्या रानात जाणार. परत कोण बोलावणार? इकडून हाक मारली तर ते तारेतून घुसायला बघेल. पलीकडेही कुणीतरी भाकर घेऊन बसायला हवं होतं, आणि पलीकडे एकच माणूस होता.

"फौजदार," बद्रीनाथ एका सकाळी म्हणाला. तोंड मोसंबीकडे होतं. "विचार त्याला, सकाळचं रिकामा असतो का."

"फौजदार, सांग, रिकामं कुणीच न्हाई. पण तुह्यासाठी येईन म्हणावं. दुसऱ्या कुणासाठी न्हाई."

असं काम सुरू झालं. रोज सकाळी, पाण्याची दारं धरायच्या आधी. पण भारतच्याही वकिलानं त्याला बजावलेलं होतं. हे वकील राधेश्याम वकिलांच्याच टेबलावर बसत आणि त्यांच्याच डब्यातली भाजी खात. "कुंपणाला हात लावायचा नाही," ते म्हणाले होते. "हात लावला, डागडुजी केली, की कुंपण तुम्हाला मान्य आहे असा अर्थ होतो." त्यामुळे बद्रीनाथला कुंपण उघडता येत नव्हतं आणि भारतला त्याला शिवता येत नव्हतं. मधल्या जागेत काय करता येईल ते दोघं करत होते.

वरच्या तारेचे काटे झाकायचे होते. भारतकडे जुन्या ठिबकच्या नळ्या पडल्या होत्या. त्यानं एक नळी उभी चिरली आणि बांधावर टाकून दिली. "फौजदार, ही नळी मी फेकून दिली म्हणावं. कुणाला सापडली तर सापडली." बद्रीनाथला ती सापडली. त्यानं ती वरच्या तारेवर बसवून सुतळीनं आवळली. कुत्र्याला जागा ओळखू यावी म्हणून तिथं खताचं पांढरं पोतं लटकवलं. छातीइतकी उंची एकदम झेपणार नाही, म्हणून आपल्या बाजूला मातीचा उंचवटा केला. भारतनं समोर तसाच केला, आणि वर उसाचं पाचट अंथरलं, उतरताना पाय मुरगळू नये म्हणून. सडकेवरून जाणाऱ्यांना दोघं भाऊ कुंपणाच्या दोन बाजूंना समोरासमोर फावडी चालवताना दिसत. गावात बातमी गेली की आता हे एकमेकांकडे भुयार खणून राह्यले.

"फौजदार, त्याचा उंचवटा ठेंगणा हाये म्हणावं," बद्रीनाथ म्हणे.

"फौजदार, त्याचं फावडं बोथट हाये म्हणावं. बापाच्या टायमाला बी तसंच होतं."

"बापाचं नाव काढू नको म्हणावं. बाप शेवटी कुणाला हाका मारत होता, ते विचार त्याला."

"पाण्यासाठी मारत होता म्हणावं. तू दूध घेऊन आल्ता."

फौजदार मधे बसून ज्याचा आवाज येई त्याच्याकडे मान वळवत असे. साक्षीदार म्हणून तो दोन्ही वकिलांना चालला असता.

या सगळ्या काळात दैवशाला शांत होती. सुरुवातीला रोज तार उचला, तार उचला म्हणणारी बाई आठ-पंधरा दिवसांतच बोलायची थांबली. तिनं फौजदारला बांधणंही सोडून दिलं. बद्रीनाथ रात्री दर तासाला उठून त्याला हाका मारी आणि ती कूस बदलून म्हणे, "झोपा हो, काही होत न्हाई त्याला." फौजदार सकाळी हजर असे, अंगाला ओरखडा नसे, फक्त शेपटीला कुसळं लागलेली असत. बद्रीनाथला वाटलं, बायकांना जनावराची माया नसते. त्यानं तसं एकदा बोलूनही दाखवलं. दैवशालेनं त्याच्या पानात दही वाढलं. घरी म्हैस आटलेली होती, पण त्यानं दही खाल्लं.

आणि मग पट्ट्याचं झालं.

गयासोद्दीननं पट्टा काढा म्हणून सांगितलं होतं आणि ते बद्रीनाथ विसरला नव्हता. पण पट्टा भारतनं घातलेला. आपण काढला तर उद्या कोर्टात निघेल, की यानं समोरच्याची निशाणी काढून कुत्र्यावर एकट्यानं मालकी सांगितली. भारतलाही घुंगराची भीती वाटत होती. पण कुत्रं झोपायला बद्रीनाथकडे, त्याच्या कब्जातलं. आपण पट्टा काढला तर आपण कुत्र्यावरचा हक्क सोडला असं होईल. दोघांनीही वकिलाला विचारलं नव्हतं. एवढा कायदा आता त्यांना स्वतःलाच येत होता.

त्या दिवशी दव जास्त पडलं होतं. फौजदार बद्रीनाथच्या उंचवट्यावरून निघाला, मागचा पाय ओल्या मातीत घसरला आणि उडी कमी पडली. छाती नळीवर घासून सहीसलामत पलीकडे गेली. घुंगरू गेलं नाही. ते नळीच्या सुतळीत अडकलं, पट्टा खालच्या काट्यात रुतला आणि फौजदार गळ्यावर लटकला. मागचे पाय या बाजूला, पुढचे त्या बाजूला, आणि आवाज नाही. इतका भुंकणारा कुत्रा, आणि आवाज नाही.

"दादा, वर उचल! मागून वर उचल त्याला!"

बद्रीनाथनं कमरेखाली हात घालून उचललं. भारतनं शेळ्यांच्या पाल्याचा विळा काढला, डावा हात सरळ तारेत घातला, पट्टा आणि मान यांच्यामधे दोन बोटं सारली आणि विळा आपल्याकडे ओढला. चामडं जाड होतं, स्वतः पारखून घेतलेलं.

"जल्दी, भारत, जल्दी!"

"तू वर धर! ढील देऊ नको! धरलं का?"

"धरलंय रे!"

पट्टा तुटला. फौजदार भारतच्या पाचटावर पडला, तसाच राहिला आणि मग खोकला. खूप वेळ खोकला. बद्रीनाथ तारेला तोंड लावून गुडघ्यांवर बसला होता. पलीकडे भारत बसला होता आणि कुत्र्याची मान चोळत होता. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत रक्त होतं.

आरडाओरडा ऐकून दैवशाला मोसंबीतून धावत आली. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं. मग तिनं दोघांना पाहिलं. तारेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, मधे दीड हाताचं अंतर. तिनं तोंड मिटलं आणि ती घराकडे परत गेली. आली तेव्हा तिच्याकडे हळद होती, चिंधी होती आणि चहाचे दोन कप. एक कप तिनं नळीवरून पलीकडे दिला. भाऊजी, धरा, म्हणाली.

चहा संपला. मग बद्रीनाथनं रिकामा कप मातीत टेकवला.

"फौजदार," तो म्हणाला, "त्याला सांग, आज त्यानं कुंपणाला हात लावला, ते मी पाह्यलं न्हाई."

भारत हाताला चिंधी गुंडाळत म्हणाला, "फौजदार, सांग, माझ्या हाताला विळा लागला. तारीचा काही संबंध न्हाई."

तुटलेला पट्टा दोघांनी तिथंच टाकला. फौजदारनं आठ दिवस उडीचं नाव काढलं नाही. दोघं रोज सकाळी येऊन आपापल्या उंचवट्यावर बसत आणि त्याच्यामार्फत ऊस, भाव आणि भारतच्या हाताची जखम यांवर बोलत. नवव्या दिवशी तो आपणहून उठला, दोन पावलं मागं गेला आणि पांढऱ्या पोत्यावरून असा पलीकडे गेला की नळीला केसही लागला नाही. तिकडे भाकर खाऊन तसाच परत आला. बद्रीनाथनं मोसंबीच्या झाडाकडे जाऊन बराच वेळ पानं तपासली.

त्यानंतर रोज. गावातली माणसं बघायला येऊ लागली. गयासोद्दीननं पोटाचे जुने टाके चाचपले, दोन उड्या बघितल्या आणि म्हणाला, "एक नंबर. आता माझी गरज न्हाई." बद्रीनाथ रात्री झोपू लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाला तारीख जवळ आली. राधेश्याम वकिलांचा फोन आला. "कुंपणाचे फोटो पाठवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सलग दिसलं पाहिजे, कुठंही फट नाही असं."

बद्रीनाथ मोबाईल घेऊन निघाला. कुंपणाच्या खालच्या टोकाला, नाल्याकडे, तो कधी गेलाच नव्हता. कुंपण घातलं त्या दिवशी तो अंबडला तारखेला होता आणि नंतर उताराला गुडघा दुखे. एकेका खांबाचा फोटो काढत तो उतरू लागला. थोडं पुढं गेल्यावर त्याला दिसलं, पलीकडून भारतही मोबाईल धरून उतरतो आहे. त्याच्या वकिलालाही फोटो हवे होते, अडथळ्याचे. दोघंही एकाच तारेचे दोन बाजूंनी फोटो काढत खाली गेले.

नाल्याजवळ बाभळी आणि घाणेरीची दाटी होती. तिथं शेवटचा खांब होता. खांबाच्या पुढे तार नव्हती. बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी होती आणि तिच्यातून पायवाट गेली होती. नवी नव्हे, चांगली मळलेली, गुळगुळीत. दगडावर एक स्टीलचा डबा धुऊन पालथा घातला होता. बद्रीनाथनं तो ओळखला. गेले काही महिने त्याच्या घरी दही त्यातूनच येत होतं. भारतनंही ओळखला, कारण त्यावर त्याच्या बायकोचं, शालूचं, नाव कोरलेलं होतं.

उसातून फौजदार आला. तो डुकरांच्या ड्युटीवरून परतत होता. घाणेरीला अंग घासत, शेपटीला कुसळं घेऊन, घाई न करता त्या मोकळ्या जागेतून तो चालत आला. दोन्ही मालक तिथं पाहून थोडा चपापला. मग बरोबर मधे बसला आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला. भाकर कुणाकडेच नव्हती.

"फौजदार," भारत हळू आवाजात म्हणाला, "कवापासून रे?"

फौजदारनं कान खाजवला.

"फौजदार," बद्रीनाथ म्हणाला, "त्याला विचार, ह्याचा फोटो काढतो का."

"माझ्या मोबाईलची चार्जिंग संपली म्हणावं."

"माझी बी संपली म्हणावं."

दोघांनी मोबाईल खिशात टाकले. बद्रीनाथ वर निघाला, चार पावलं जाऊन थांबला. "फौजदार, त्याला म्हणावं, उद्या उडीला जल्दी ये. काल उशीर केल्ता."

"येतो म्हणावं. अन् भाकर तूच आण म्हणावं, माझ्याकडची त्याला कडक लागून राह्यली."

घरी दैवशाला भाकरी थापत होती. "झाले फोटो?"

"झाले."

"पार खालपर्यंत गेल्ते?"

"न्हाई. गुडघा दुखून राह्यला."

तिनं भाकर उलटली.

उडी अजून रोज होते. फौजदार भाकरीपुरती मारतो. कामाला नाल्याकडून जातो.

बद्रीनाथच्या मनात मात्र एक राहून गेलं. ती जागा कुणीतरी जाणूनबुजून सोडायला लावली असणार. दैवशालेनं, नाहीतर शालूनं, कदाचित भारतनंही. कुणाचं तरी एवढं शहाणपण त्यामागं असणार. बाजाराला गेला असताना मोंढ्यात एकदा त्याला कुंपण घालणारा वसंता भेटला. बद्रीनाथनं त्याला बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, खालच्या अंगाला, नाल्यापाशी, जागा मोकळी सोड म्हणून कुणी सांगितलं होतं?

"कुणी न्हाई," वसंता म्हणाला. "तार संपली होती."